विलोफर्डची थडगी

आमच्या उंबरशेत गावात सन १७४२ मध्ये एक इंग्रजी खेडं वसलं, असं आता मला सांगण्यात येतं. सांगणारा फलक मळवलीकडून येणाऱ्या रस्त्यावर, नव्या रिसॉर्टच्या गेटपाशी आहे, माणसाच्या दुप्पट उंच, लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचा. वर सोनेरी अक्षरांत 'विलोफर्ड व्हिलेज ॲण्ड पॅरिश, स्थापना १७४२' आणि खाली बारीक टाइपात गावाचा इतिहास व पाहण्याची ठिकाणं. सतराशे बेचाळीस साली इथे पेशव्यांचा अंमल होता आणि माझे पूर्वज वेशीबाहेर राहून गावकीची कामं उपसत होते. तेव्हा एखादा इंग्रज वाट चुकून आला असता तर त्याला आधी आमच्याच वस्तीवर आणून बसवलं असतं, कारण तोही विटाळाचाच.

मी तळेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे तो फलक शेवटपर्यंत वाचणारी पंचक्रोशीत बहुधा मी एकटीच. एक नंबरला चर्च. ते लग्नाचा हॉल आहे. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ कायम सव्वाचार दाखवतं, कारण त्याला यंत्रच बसवलेलं नाही. मग गावचा पाणीपंप, ज्याला पाणी येत नाही. गावठाणात आमच्या नळाला दिवसाआड येतं आणि इथे न येणाऱ्या पाण्याचा पंप शोभेला. लोहाराचं घर, त्यात मालिश. लाल टेलिफोनची खोली, त्यात उभं राहून फोटो. इतिहासात एक धर्मगुरूही आहे, ज्याने प्लेगमधून सगळं गाव वाचवलं म्हणे. कुठलं गाव, कुठला प्लेग, विचारायची सोय नाही.

मी हसून सोडलं असतं. शनिवार-रविवार गाडी काढून येणाऱ्यांना जे काही विकत घ्यायचंय ते त्यांनी घ्यावं, माझ्या बापाचं काय जातं. पण त्या फलकावर सात नंबरला 'ओल्ड चर्चयार्ड' आहे आणि तिथे माझी आई आहे.

ओढ्याच्या काठाला एक लांबट पट्टी होती. आमच्या बौद्धवाडीची माणसं पिढ्यानपिढ्या तिथेच पुरली गेली. पुरली, कारण जाळायला लाकूड लागतं, लाकूड रानात असतं आणि रान आमचं नव्हतं. छप्पन सालानंतर देव गेले, नावं बदलली, दारात निळा झेंडा लागला, पण मेल्यावर जागा तीच राहिली. मातीच्या ढिगावर ओढ्यातले गोटे रचायचे, एवढीच खूण. सातबाऱ्यावर ती जमीन भिकाजीच्या नावावर होती, वरच्या आळीतल्या हिरामावशीच्या नवऱ्याच्या. माणूस चांगला होता. "ती पट्टी तुमची. मी नांगर घालायचो न्हाई," म्हणायचा आणि मरेपर्यंत घातला नाही. पण दिलेला शब्द सातबाऱ्यावर चढत नाही. तो गेल्यावर त्याच्या मुलाने, गौरवने, पट्टीसकट सगळं शिवार विलोफर्डवाल्यांना विकून टाकलं. ओढ्यापलीकडची भाताची दोन खाचरं तेवढी आईसाठी ठेवली. आम्हाला कळलं तेव्हा पट्टीवर जेसीबी उभा होता.

आमच्या माणसांच्या अंगावरचे गोटे उचलून त्यांनी बदकांच्या तळ्याला कडेने लावले. पट्टीवर हिरवळ अंथरली. आणि मग त्यांना वाटलं, इंग्रजी खेडं म्हणजे चर्चशेजारी थडगी हवीतच. म्हणून हिरवळीच्या कडेला थडग्यांची एक रांग उभी केली, सिमेंटची, आतून पोकळ. थॉमस पेनीफील्ड, १७८८. मार्गारेट, प्रिय पत्नी, १८०३. त्यांच्यावर शेवाळ रंगवलंय. मावळात शेवाळ रंगवलंय! इथे जूनमध्ये दार लावून घ्यायला विसरलं तर सप्टेंबरपर्यंत चौकटीला शेवाळ धरतं, आणि या लोकांनी पेंटर बोलावला. न जन्मलेल्या माणसांना थडगी, आणि ज्यांना आम्ही हाताने माती दिली त्यांच्यावर पाण्याचे फवारे. लग्नाआधीचे फोटो काढायला पोरं-पोरी तिथे येतात आणि मार्गारेटला टेकून हसतात.

माझे वडील भिमाजी, मी त्यांना आबा म्हणते, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. या वर्षी त्यांचं हृदय दोनदा दगा देता देता राहिलं. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि आबांनी खाटेवरून ऐकलं, कारण त्यांचे कान शाबूत आहेत. घरी आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "सारिके, मला सरूपाशी ठिवायचं. बाकी तुमी काय बी करा." सरू म्हणजे माझी आई, सरुबाई. आबांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मात्र मागितलं, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

आईच्या स्मृतिदिनाला दरवर्षी ते मेणबत्ती आणि फुलं घेऊन पट्टीवर जायचे. या वर्षी गेटवरच्या पोराने अडवलं. मी फोनवर भांडले, तेव्हा स्वराज नावाच्या मॅनेजरने मला ऑफिसात बोलावलं. पुण्याचा, मऊ बोलणारा. मऊ बोलणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.

"मॅडम, भावना समजतात मला," तो म्हणाला. "काकांना फुलंच वाहायची आहेत ना? आमच्या चर्चयार्डमध्ये वाहू देत. कुठल्याही स्टोनवर. आम्ही पास देतो."

"कुठल्याही?"

"त्याहून चांगलं सांगू? काकूंच्या नावाने एक स्टोन करू आपण. आमच्या खर्चाने. फक्त तारीख थीमप्रमाणे ठेवावी लागेल. सतराशे काहीतरी. आणि नाव इंग्लिशमध्ये."

"माझी आई दोन हजार तीन साली गेली."

"हो, पण मग गेस्ट कन्फ्यूज होतात, मॅडम."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. वर्गात पन्नास पोरं दंगा करतात तेव्हाही मी आवाज चढवत नाही. तिथे चढवला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्दही मला परत घ्यायचा नाही. त्याने चहा मागवला. मी चहा तसाच ठेवून उठले.

घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या दगडांखाली कोन न्हाई?"

"कोणी नाही, आबा."

"मग तितं फुलं कुनासाठी वाहायची?"

मी वडगावला तहसील कार्यालयात अर्ज दिला. फेऱ्या मारल्या, त्या सांगत बसत नाही, ज्याने मारल्यात त्याला माहीत आहे. शेवटी उत्तर आलं. मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतील. तिथे पूर्वीपासून पुरत होते असं निघालं, तर पट्टी वेगळी मोजून देण्याचा प्रस्ताव जाईल. मात्र बौद्धवाडीतल्यांच्या जबाबाला फारसं वजन नाही, कारण आम्हीच अर्जदार. लगतच्या जमिनीचा जो मालक असेल त्याचा जबाब हवा. लगतची जमीन म्हणजे ती दोन खाचरं. म्हणजे हिरामावशी.

हे कळल्यावर मी निर्धास्त झाले, इतकी मी मूर्ख. हिरामावशी आणि माझी आई एका ओळीत वाकून भात लावायच्या. मावशीच्याच खाचरात, आई मजुरीवर, पण ओळ एकच आणि गाणंही एकच. आईला माती दिली त्या दिवशी मावशी ओढ्यापलीकडे बांधावर उभी होती. पदर तोंडाला लावून रडताना मी तिला पाहिलं होतं. तिला पट्टी माहीत होती, आईची जागा माहीत होती, सगळं माहीत होतं.

पंचनाम्याची नोटीस आली तो सर्वपित्रीचा आठवडा होता. अमावस्येच्या दिवशी नोटिशीची प्रत द्यायला मी विलोफर्डच्या ऑफिसात गेले आणि परत येताना थडग्यांपाशी मला हिरामावशी दिसली. तिथल्या साफसफाईचं काम गौरवने घेतलंय. बाया कमी पडल्या की तो आईच्या हातात झाडू देतो. त्या दिवशी झाडू बाजूला पडला होता. मावशी एकेका थडग्यासमोर पान मांडत होती. प्रत्येक पानावर भात, वडा, भाजी, बोटभर खीर. थॉमसला वाढलं. मार्गारेटला वाढलं. हात जोडले.

"मावशी, हे काय?"

"घास ठिवतेय बाय. लांबच्या मुलखात येऊन मेली बिचारी. त्येंची पोरंबाळं तिकडं इलायतेत. हितं कोन घालनार त्येंना?" तिने आणखी एक पान उलगडलं. "सायेब म्हन्ला, लय जुनी हायेत. रोज झाडते मी हितं. नुसतं झाडून आजच्या दिशी उपाशी कसं ठिवायचं?"

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला तिचं कौतुक वाटलं असतं. मला वाटला तो संताप. मी वाकले आणि मार्गारेटच्या डोक्यावर बोटाची पेरं वाजवली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"सिमेंट आहे, मावशी. पोकळ. तुझ्या गौरवच्याच टेम्पोतून आलेत हे. खाली कोणी इंग्रज नाही, कोणी नाही."

ती थडग्याकडे बघत राहिली. मग पानाकडे. तिचा चेहरा इतका उतरला की दुसरी एखादी असती तर थांबली असती. मी थांबले नाही.

"न झालेल्या माणसांसाठी तू पहाटे उठून वडे तळलेस. आणि इथे, तुझ्या पाठीमागे, माझी आई आहे. तिच्यासाठी काय केलंस?"

"तुमच्यात घास ठिवत न्हाईत न्हवं," ती हळूच म्हणाली. "ठिवत असते तर मी ठिवला असता."

"घास नकोच आहे आम्हाला. जबाब दे. सोमवारी मंडळ अधिकारी येतोय. त्याला एवढंच सांग की इथे बौद्धवाडीची माणसं पुरायचे, मी पाहिलंय."

मावशीने पदराने हात पुसले. बराच वेळ पुसले. "गौरवचं काम हाय गं हितं," ती म्हणाली. "नातवाची शाळा हाय. मी बोलले तर त्येला हुभा करतील का हे?"

"आबांना जागा हवीय, मावशी. त्यांच्याकडे फार दिवस नाहीत."

"बघते," ती म्हणाली. आमच्याकडे बघते म्हणजे नाही. ते मला माहीत होतं, तरी मी ते हो धरून घरी आले. माणूस बुडायला लागला की काडीलाही ओंडका समजतो.

सोमवारी आबांनी धुतलेला सदरा घातला. बौद्धवाडीतून आम्ही पंधरा-वीस जण गेलो. गावातलं, म्हणजे वरच्या आळीतलं, मावशी आणि गौरव सोडून कोणी आलं नाही. कुणाच्या भावाची तिथे नोकरी, कुणाचं दूध तिथे जातं, कुणाचं नुसतंच 'कशाला बोलायचं'. सगळ्यांना दिसतं आणि सगळे आंधळे. आम्हाला ओढ्याच्या बाजूला उभं केलं. आबांसाठी मी कुठूनतरी खुर्ची ओढून आणली. हिरवळीच्या पलीकडे, चर्चच्या ओसरीत, अधिकाऱ्यासाठी टेबल मांडलं होतं, त्यावर बिस्किटं. अधिकारी, तलाठी आणि स्वराज बूट घालून हिरवळीवर फिरले. बुटाने दाबून बघितलं. अधिकाऱ्याने माझ्या आईवर उभं राहून विचारलं, "काही खूण आहे का?"

"गोटे होते," मी म्हणाले. "ते तळ्याला लावलेत. जाऊन बघा."

"दगड सगळीकडेच असतात, बाई."

आमच्यातल्या चार म्हाताऱ्यांनी जबाब दिले. तलाठ्याने ते लिहिले, पोरं न कळलेली कविता उतरवून घेतात तसे. मग अधिकारी ओसरीत जाऊन बसला आणि तिथून हाक मारली, "लगतच्या कब्जेदार कोण? आजी, या इकडे. सरळ या, उशीर झालाय."

हिरामावशी आमच्याच बाजूला, थोडी लांब, गौरवच्या शेजारी उभी होती. गौरव बुटासकट हिरवळीवर उतरला आणि चालायला लागला. मावशी कडेला थांबली.

उंबरशेतात, माणूस कुठल्याही आळीचा असो, जिथे मढं पुरलंय तिथून चपला घालून कोणी जात नाही. हे कोणी शिकवत नाही. लहान असताना पाय आपोआप शिकतात. मावशीने चपला काढल्या. वाकून गवताला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि चपला हातात घेऊन चालायला लागली. आईच्या जागेपाशी येऊन ती जराशी डावीकडे सरली, झोपलेल्या माणसाच्या उशाला पाय लागू नये म्हणून सरतो तशी, आणि मग पुढे गेली.

माझ्या पणजोबाला यांच्या दारावरून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. आणि आता भिकाजीची बायको आमच्या माणसांवरून चपला हातात घेऊन जात होती. मला वाटलं, झालं. आता ती सांगणार.

अधिकाऱ्याने विचारलं. तिने जमिनीकडे बघून उत्तर दिलं. आवाज बारीक होता, पण ओढ्याला पाणी कमी होतं, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं.

"मला काय ठावं न्हाई. हितं गवतच व्हतं."

तलाठ्याने कागद पुढे केला. तिने सही केली. मावशी चौथीपर्यंत शिकलेली आहे, अंगठा लावत नाही. 'हिरा भिकाजी' एवढं तिने सावकाश, सुवाच्य लिहिलं. स्वराजने तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

परत येताना ती हिरवळीवरून आली नाही. भिंतीच्या कडेने लांबचा वळसा घेऊन आली, चपला अजून हातातच. मला तिचे केस ओढावेसे वाटले. एका म्हाताऱ्या बाईचे. याची लाज मला वाटायला हवी होती, पण वाटली नाही. ती आमच्यासमोरून जायला लागली तेव्हा आबा खुर्चीतून बोलले. त्यांनी आवाज असा लावला की पलीकडे ओसरीत कागद गोळा करणाऱ्यालाही ऐकू जावा.

"वयनी, हितं गवतच व्हतं तर चपला का काडल्या तुमी?"

मावशी उभी राहिली. ओसरीत अधिकाऱ्याने मान वर केली. एक क्षण मला वाटलं, हा माणूस विचारील. त्याने तोंड उघडलंही होतं.

"नियम आहे इथला, साहेब," गौरव मोठ्याने म्हणाला. "लॉनवर चपला अलाउड नाहीत."

साहेबाने आपल्या बुटांकडे बघितलं. बुटांवर हिरवळीचे तुकडे चिकटले होते. ते त्याने पायरीला झटकले, फाईल बंद केली आणि तो गाडीत जाऊन बसला. मी मागे धावले, खिडकीच्या काचेवर हात आपटला, "हे लिहून घ्या, ती काय म्हणाली नाही ते लिहून घ्या," असं काहीतरी ओरडले. तो काचेआडून म्हणाला, "बाई, पंचनाम्यात बोललेलं लिहितात." गाडी गेली.

मी परत आले तेव्हा मावशी आबांसमोर तशीच उभी होती. गौरव तिचा दंड धरून "चल गं" म्हणत होता आणि ती हलत नव्हती.

"सरूला तर तुमी न्हाई म्हनालासा," आबा तिला म्हणत होते. रागाने नाही. राग माझ्याकडे होता, पुरेसा होता. "आता मी मेल्यावर मला कुटं ठिवायचं, त्ये तरी सांगा."

मावशीने गौरवचा हात झटकला. "भिमाभाऊ, माजी दोन खाचरं हायेत," ती म्हणाली. "वड्याच्या पल्याड. बांधाला जागा हाय. माज्या नावावर हाय, याच्या न्हाई. तुमी तितं या. मी लिहून देते."

"आई, काय बोलतेस?" गौरव म्हणाला.

"तू गप," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा निघाला.

आबा काठीवर भार देऊन उठले. मी हात द्यायला गेले, तो त्यांनी घेतला नाही. मावशीच्या खाचरात त्यांनी पन्नास वर्षं चिखल केला होता, आईने तिथे कंबर मोडली होती, मी तिथल्या बांधावर झोळीत वाढले होते.

"वयनी, जिता व्हतो तवा तुमच्या वावरात लय राबलो," ते म्हणाले. "मेल्यावर न्हाई यायचो."

आणि ते हिरवळीवर उतरले, अनवाणी, आणि आईच्या जागेपाशी जाऊन खाली बसले. गेटवरच्या पोराने शिट्टी फुंकली. स्वराज ओसरीतून हात हलवत निघाला. मी त्याच्या आणि आबांच्या मधे जाऊन उभी राहिले.